पाचवी सवाशीण

धारूरला रोज ये-जा करता आली असती. अंबाजोगाईहून एसटीनं फार वेळ लागत नाही आणि आमच्या शाळेतले बाकीचे दोघं तसेच ये-जा करत होते. शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, आठवडाभराचं. दसरा होऊन गेला होता आणि दिवाळीच्या सुट्टीआधी ते एकदाचं उरकायचं म्हणून वरून आदेश आला होता. मी मुख्याध्यापकांना सांगितलं की मला रोजचा प्रवास झेपणार नाही, मी तिथेच राहते. ते लगेच हो म्हणाले. त्या दिवसांत मला कुणी नाही म्हणतच नव्हतं. नवरा जाऊन अडीच महिने झालेल्या बाईला लोक हवं ते करू देतात, ही एक सोय असते.

खरं कारण एवढंच की घरी जायचं नव्हतं. घरात माझी नणंद सोबतीला म्हणून राहिली होती आणि ती दिवसातून दोनदा तरी माझ्याकडे बघून कुणाला तरी फोनवर सांगायची की वहिनीला रडू येत नाही, हे काही बरं नाही. रडू येत नव्हतं हे खरं होतं. त्यांना दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा आलं नाही, राख सावडली तेव्हा आलं नाही, तेराव्यालाही नाही. लोक भेटायला येत, माझ्या शेजारी बसत, माझा चेहरा बघत आणि जरासे हिरमुसून उठत. मी त्यांना चहा विचारायचे. काही बायका माझ्यापेक्षा जास्त रडल्या आणि मग माझ्यावर रुसल्या.

दहाव्या दिवशी नणंद मंगळसूत्र काढायला आली, तेव्हा मी तिचा हात बाजूला केला आणि राहू दे म्हणाले. लोक काय म्हणतील, ती म्हणाली. लोकांना तेवढंच काम आहे, मी म्हणाले. टिकलीही ठेवली, बांगड्याही ठेवल्या. शाळेत सगळ्यांनी कौतुक केलं. हल्ली गावोगावी विधवा प्रथा बंद करायचे ठराव होतात, मॅडमनी आदर्श घालून दिला, वगैरे. आदर्श कसला आला त्यात. थोडं तत्त्व होतं, थोडा नणंदेशी हट्ट होता, आणि बाकी सगळं असं की कुठलीही वस्तू उचलायची, काढायची, दुसरीकडे ठेवायची म्हटलं तरी मला कंटाळा येत होता.

ते हॉटेल किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पाटीवर हॉटेल लिहिलंय म्हणून हॉटेल म्हणायचं. खाली खानावळ, मागे त्यांचं राहतं घर आणि वर गच्चीला लागून चार खोल्या. लिंगायत वाण्याचं कुटुंब. मालक साठीच्या घरातले, कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, सकाळची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नसत. मी बॅग घेऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी आधी माझ्या मागे बघितलं, कुणी येतंय का. एकट्या बाईला खोली द्यायला अशा ठिकाणी का-कू करतात. मग त्यांची नजर माझ्या गळ्याकडे गेली आणि चेहरा सैल झाला. साहेब मागून येणार आहेत का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही, आणि किल्ली मिळाली.

खोलीत दोन लोखंडी पलंग, एक खुर्ची, खिळ्याला टांगलेला आरसा. खिडकीतून किल्ल्याची तटबंदी दिसायची. बालाघाटाच्या अगदी कडेला हे गाव वसलंय, त्यामुळे वारा सतत असतो आणि दार आपोआप आपटतं. मी दाराला वीट लावून ठेवायचे. एके दिवशी संध्याकाळी प्रशिक्षणातल्या काही जणी किल्ला बघायला निघाल्या, त्यांनी मलाही ओढून नेलं. तटावर उभं राहून एकीनं मोबाइलवरून इतिहास वाचून दाखवला. कुठल्या राजवटीत काय झालं, खंदकात कसं पाणी असायचं. मी मान हलवत होते. खाली घाटात ट्रक मुंगीच्या चालीनं चढत होते, ते मात्र मी बराच वेळ बघत राहिले. काही वाटत नव्हतं. चांगलंही नाही आणि वाईटही नाही. त्या बायकांनी माझे फोटो काढले, त्यात मी हसलेली आहे.

मालकीणबाई माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान असाव्यात. ठेंगण्या, भरल्या अंगाच्या, आणि कामाच्या झपाट्यात सतत कुणाला तरी रागावत असलेल्या. खानावळ त्या आणि त्यांची जाऊ चालवायच्या. मालक गिऱ्हाइकांशी बोलायचे, पण गिऱ्हाइकाच्या ताटाकडे लक्ष मालकीणबाईंचं. त्यांच्या ठेच्याचं पंचक्रोशीत नाव होतं. खाणारा पहिल्या घासाला सी-सी करतो, पाणी मागतो आणि मग दुसऱ्यांदा ठेचा मागतो, असा त्यांचा आजवरचा अनुभव. मी पहिल्या दिवशी तो ठेचा भाकरीशी खाल्ला आणि काहीच बोलले नाही. मला तो तिखट लागलाच नाही. तिखट, खारट, गरम, गार, हे सगळं त्या दिवसांत मला आहे एवढंच कळायचं, लागायचं नाही. मालकीणबाईंना तो अपमान वाटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिरच्या वाढवल्या. तिसऱ्या दिवशी त्या माझ्या समोर येऊन उभ्या राहिल्या. मी आपली निवांत जेवत होते, नाकातून पाणी नाही की डोळ्यातून नाही. त्यांनी जावेला हाक मारून दाखवलं. त्या रात्री बाजूच्या टेबलावरच्या ट्रक ड्रायव्हरला चुकून माझ्या वाटीतला ठेचा वाढला गेला आणि तो माणूस उठून मोरीकडे पळाला, असं मला दुसऱ्या दिवशी सांगण्यात आलं. तेव्हापासून मालकीणबाई मला मानायला लागल्या.

मानायला लागल्या म्हणजे मन मोकळं करायला लागल्या. दुपारी प्रशिक्षण सुटलं की मी खानावळीतल्या मागच्या टेबलाशी बसायचे, त्या समोर सीताफळांची टोपली घेऊन बसायच्या. धारूरच्या डोंगरात सीताफळं अशी पिकतात की त्या महिन्यात घराघरात त्याचाच वास असतो. पिकलेलं वेगळं, कच्चं वेगळं असं करता करता त्या बोलायच्या. त्यांना एकच मुलगी. फार्मसीचं शिकून घरी बसलेली, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, शांत. मला जेवण आणून द्यायची तेव्हा ताट टेबलावर ठेवून क्षणभर थांबायची, आणखी काही हवंय का ते तोंडानं न विचारता. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं होतं. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. गल्लीतल्याच कुणीतरी त्या लोकांच्या कानावर घातलं की पोरीला लहानपणी फिट यायची. फिट नव्हती ती. तापात एकदा डोळे फिरवले होते, असं तर कुठल्याही लेकराला होतं. पण ते लोक परत आलेच नाहीत, फोनही घेतला नाही. त्यानंतर जे जे स्थळ आलं ते चौकशी करून परत गेलं.

आता एक स्थळ आलं होतं, केजच्या बाजूचं. मुलगा सरकारी दवाखान्यात फार्मासिस्ट. वडील नाहीत, आई आहे. मुलगी पसंत पडली होती आणि रविवारी कुंकू लावायला ती माणसं येणार होती. मालकीणबाईंनी ह्या वेळी चंग बांधला होता की गल्लीत कुणाला म्हणून कळू द्यायचं नाही. कुंकू लागलं, ओटी भरली, साखर वाटली की मग खुशाल कळू दे. दाराला तोरणसुद्धा लावायचं नव्हतं. शेजारीपाजारी कुणाला बोलवायचं नव्हतं. त्यांच्या दोघी बहिणी तेवढ्या माजलगावच्या बाजूनं जीप करून येणार होत्या. मी वरच्या मजल्यावरची, परगावची, चार दिवसांत निघून जाणारी, म्हणून मला सांगायला हरकत नव्हती. मी सगळं ऐकून घेतलं आणि होईल सगळं नीट, असं म्हणाले. तोंडाला सवय असते, ते आपोआप बोलतं.

रविवारी प्रशिक्षणाला सुट्टी होती. मी खोलीत पडून होते. खालून पुऱ्यांचा वास येत होता, भांड्यांचे आवाज येत होते, आणि मधूनच मालकांचा आवाज, फोनवर, आधी शांत आणि मग चढत गेलेला. पाहुणे येऊन बसले होते. मुलगा, त्याची आई, त्याची काकू, लग्न झालेली बहीण आणि दोघं-तिघं पुरुष. थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली आणि मालकीणबाई दारात आल्या. नवी साडी, नाकात नथ, कपाळावर घाम. घाटात ट्रक आडवा झाला होता. दोन्हीकडे गाड्यांची रांग लागली होती आणि बहिणींची जीप त्या रांगेत पार खाली अडकली होती. क्रेन कधी येणार कुणाला माहीत नव्हतं. पाहुण्यांना चांगल्या वेळेतच उरकायचं होतं आणि ती वेळ टळत चालली होती.

ओटी भरायला पाच सवाशिणी लागतात. दोन्हीकडच्या मिळून चार होत्या. मुलाची काकू आणि बहीण, इकडच्या मालकीणबाई आणि त्यांची जाऊ. पाचवी हवी होती. गल्लीत हाक मारली तर पाच मिनिटांत पन्नास जणी आल्या असत्या, पण तेच तर नको होतं. पाचवी मिळाली नाही तर कार्यक्रम पुढे ढकलावा लागणार, आणि पुढे ढकलला की बाहेर कळणार, आणि कळलं की मागचंच परत. हे सगळं त्यांनी दारात उभं राहूनच मला सांगितलं. मग म्हणाल्या की साडी हीच असू द्या, चांगली आहे, फक्त केस तेवढे विंचरा आणि चला.

मी पलंगावर बसूनच राहिले. मनात आलं की जावं, त्यात काय. मंगळसूत्र ठेवलं तेव्हा मी हेच तर म्हणत होते की नवरा गेल्यानं बाईचा हात अशुभ होत नाही. मग आता ते न बोलता करून दाखवावं. पण ह्या मुलीचं एकदा मोडलं होतं ते कुणीतरी कानावर घातलेल्या गोष्टीनं. उद्या माझंच कुणीतरी कानावर घातलं तर? माझ्या तत्त्वाचा भार तिच्या ओटीत कशाला.

"माझे मिस्टर गेले," मी म्हणाले. "श्रावणात."

हे मी पहिल्यांदाच बोलत होते. तोवर माझ्यासाठी दुसऱ्यांनी सांगितलं होतं. नणंदेनं फोन केले होते, शाळेनं फळ्यावर लिहिलं होतं, मी फक्त हो म्हणत होते. शब्द बाहेर पडले आणि खोलीत काहीच बदललं नाही, ह्याचं मला थोडं आश्चर्य वाटलं.

मालकीणबाईंनी माझ्या गळ्याकडे बघितलं, मग कपाळाकडे. विचारलं, मग हे? काढलं नाही, मी म्हणाले. त्या आत येऊन समोरच्या पलंगावर बसल्या. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी पदरानं कपाळ पुसलं आणि चुलीवर काही ठेवून आल्यासारखं एकदा दाराकडे बघितलं.

"आमच्यात सुतक धरत न्हाईत मॅडम," त्या म्हणाल्या. "पर ओटीला सवाशीणच लागती. कावून लागती ते मला ईचारू नका."

मी म्हणाले की मी विचारत नाही. मग पाहुण्यांपैकी मला कुणी ओळखतं का ते त्यांनी विचारून घेतलं. मुलीला काही सांगितलंय का ते विचारलं. जावेला? मालकांना? सगळ्याला मी नाही म्हणाले.

"मग तुमी बोललाव न्हाई आन् मी ऐकलं न्हाई," त्या उठत म्हणाल्या. "चला खाली."

मला राग आला. बऱ्याच दिवसांनी काहीतरी आलं होतं, ते हे. मी नवरा गेलेली बाई म्हणून त्या पाटासमोर बसायला एका पायावर तयार होते. ह्या मला नवरा असलेली म्हणून बसवत होत्या. म्हणजे मी ज्याच्यासाठी नणंदेशी भांडले त्याचा त्यांनी एका वाक्यात निकाल लावला होता. तसं त्यांना सांगायला मी तोंड उघडलंही, पण त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. साडीच्या निऱ्या त्यांनी मुठीत इतक्या घट्ट धरल्या होत्या की चुरगळून गेल्या होत्या. माझा राग होता तसा जागच्या जागी बसला. मी केस विंचरले आणि त्यांच्या मागून खाली उतरले.

खानावळीतली टेबलं भिंतीला सारून सतरंज्या घातल्या होत्या. शटर अर्धं खाली ओढलं होतं आणि बाहेर आज बंद अशी पाटी लावली होती. मुलगी पाटावर बसली होती, खाली मान घालून. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. मुलाची आई मात्र बायकांत नव्हती. फिक्या रंगाची साडी नेसलेली, रिकाम्या कपाळाची ती बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत बसली होती. आल्या आल्या आपणहून तिकडे गेली होती, मी हितंच बरी, असं म्हणून. आणि पुऱ्या लाटायलाही लागली होती. तिथून तिला पाटावरची मुलगी अर्धीच दिसत असणार.

कुंकू लागलं. मुलीच्या अंगावर साडी ठेवली. मग एकेकीनं ओटी भरायला घेतली. गहू, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी, खारीक, ब्लाउजपीस. काकूनं भरली, बहिणीनं भरली, जावेनं भरली, मालकीणबाईंनी भरली. त्यांच्या ओंजळीतले गहू सतरंजीवर सांडले. आईच्या हातून सांडायचेच, म्हणून कुणाला त्यात काही वाटलं नाही. पाचवी मी. मी पुढे झाले, ओंजळीत गहू घेतले आणि मुलीच्या पदरात घातले. तिनं वर बघितलं आणि ओळखीचं हसली. माझ्या हातून एकही दाणा सांडला नाही.

झालं, असं मला वाटलं. मी उठायला लागले तेवढ्यात मुलाच्या काकूनं माझा हात धरून खाली बसवलं. गोल चेहऱ्याची, हौशी बाई होती ती. ओटी भरली आन् तशाच उठता व्हय, असं म्हणाली, नाव घ्या की.

आमच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, माझ्यासारख्या उर्मट बायकासुद्धा घेत नाहीत. बत्तीस वर्षं मी त्यांना अहो म्हणत आले, दुसऱ्यांशी बोलताना हे किंवा आमचे म्हणत आले. सरकारी कागदावर लिहायचे, तोंडानं नाही. घ्यायचं ते फक्त अशा वेळी, ओटीला, हळदीला, घास भरवताना, चार बायकांनी आग्रह केल्यावर, दोन ओळी जुळवून. त्या चौघींनी ओटी भरता भरता घेतलं होतं, माझंच लक्ष नव्हतं. आता सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. काकू म्हणाली, मास्तरीणबाई हायत, लई भारी घेतील. मालकीणबाई मुलीच्या मागे उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

मला पूर्वी पुष्कळ उखाणे यायचे. शाळेतल्या हळदीकुंकवाला मी पोरींना जुळवून द्यायचे. त्या क्षणी एक आठवला असता तर बरं झालं असतं. डोक्यात नुसती रिकामी जागा होती आणि त्या जागेत त्यांचं नाव. मी ते नाव घेतलं. नुसतं नाव, पुढेमागे काही नाही, हजेरी घेताना घेतात तसं. ते इथे लिहीत नाही. घ्यायचं तेव्हा घेतलंय.

बायका थांबल्या होत्या.

"पुढं?" काकू म्हणाली.

"पुढं काही नाही," मी म्हणाले.

आणि सगळ्या हसल्या. शिकलेल्या बायकांची गंमत वाटली असेल. काकू तर डोळे पुसेपर्यंत हसली आणि मालकीणबाईही हसल्या, सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत मोठ्यानं. उंबऱ्याच्या आत मुलाची आई हसली नाही. तिच्या हातात लाटणं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती. माझं मंगळसूत्र, टिकली, बांगड्या, एकेक बघत होती. मग तिनं मान खाली घालून पुरी लाटायला घेतली. मला कळलं की तिला कळलं.

साखर वाटायची अजून बाकी होती. आमच्याकडे साखर तोंडात पडली की ठरलं, तोवर कुणीही उठून जाऊ शकतं. पुरुषांचं पंचांगावरून काहीतरी बोलणं चाललं होतं आणि साखरेची ताटली काकूच्या मांडीवर तशीच होती. मी हात धुवायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले. मालकीणबाई माझ्या मागून येऊ बघत होत्या, पण त्यांना कुणीतरी पाणी मागितलं. त्या तांब्या हातात घेऊन मागे वळून वळून बघत राहिल्या.

मुलाच्या आईनं पोळपाट बाजूला सारला आणि मला बसायला जागा केली. कढईतलं तेल गरम होतं, गॅस तिनं बारीक केला.

कधी गेले, तिनं विचारलं, अगदी हळू. श्रावणात, मी म्हणाले. तिनं मान हलवली. मग बाहेरच्या खोलीकडे, मालकीणबाईंच्या पाठीकडे बघून तिनं दुसरा प्रश्न विचारला.

"यांना ठाव व्हतं?"

मी खोटं सहसा बोलत नाही, कारण मला खोटं बोलायचा कंटाळा आहे. पण तेव्हा मी डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं की नाही, मी त्यांना सांगितलंच नव्हतं, आता बसले ती माझी मी बसले, ह्या लोकांचा काही दोष नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं तिला खोटं कळलं असावं. तिच्या उजव्या हाताला पीठ लागलं होतं, ते ती डाव्या हाताच्या बोटांनी एकेक बोट करत काढत होती. ह्या बाईनं आता उठून बाहेर बसलेल्या दिराच्या कानात दोन शब्द सांगितले असते तरी सगळं संपलं असतं, आणि तिला तसा हक्क होता. बाहेर मुलगी अजून पाटावर होती. ओटीच्या भारानं तिचा पदर खाली ओघळला होता आणि तो तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"साखर वाटा की आता," मुलाच्या आईनं बसल्या जागेवरून आवाज दिला. "कावून थांबलाव?"

बाहेर गलका झाला. काकूनं ताटली उचलली. मालकीणबाई उंबऱ्यापर्यंत आल्या, आम्हा दोघींकडे बघितलं आणि परत फिरल्या. नंतर भिंतीला टेकून त्या बऱ्याच वेळ उभ्या होत्या, तोंडात पदर धरून. त्यांना वाटलं असेल कुणी बघत नाही.

मुलाच्या आईनं गॅस मोठा केला, एक पुरी सोडली, ती फुगली तशी काढली. पोराच्या कुंकवाला आत बसायला मला कुणी सांगितलं नाही, ती म्हणाली, मुलगा तर बाहेरच बस म्हणत होता, माझी मीच बसले. सवय झाली की उठताच येत नाही. हे तिनं सांगितलं ते तक्रार म्हणून नाही, तेल तापलंय असं सांगावं तसं. मग ती थांबली आणि म्हणाली,

"तुमी नाव घेतलं, बरं केलं. मला तर आता कुणी घ्यायला सांगतच न्हाई."

मी तिच्याकडे बघितलं. किती तरी वर्षं झाली असणार. एवढी लग्नं, एवढ्या हळदी, एवढ्या ओट्या तिच्यासमोर झाल्या असतील, आणि आतल्या खोलीत पुऱ्या लाटताना तिनं चाळीस जणींच्या नवऱ्यांची नावं ऐकली असतील.

"घ्या की मग," मी म्हणाले. "मी सांगते."

तिनं उंबऱ्याकडे बघितलं. बाहेर सगळे बोलत होते, कुणाचं लक्ष नव्हतं. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला, पिठाचे हात मांडीवर ठेवले आणि घेतलं. हळू आवाजात, पण पूर्ण, दोन्ही ओळींचं, जुळवलेलं, शेवटी नाव. नव्या नवरीच्या वयात पाठ केलेलं असावं, कारण म्हणताना तिचा आवाज त्या वयाचा झाला होता. म्हणून झाल्यावर ती स्वतःशीच लाजली आणि एक पुरी उगाचच उलटवली.

"आता तुमचं पुरं करा," ती म्हणाली.

मी आठवून बघितलं. एकही ओळ सुचली नाही. ती वाट बघत होती, तिला घाई नव्हती. मग मी नुसतं नावच घेतलं, परत एकदा, आणि ते संपायच्या आत मला रडू कोसळलं.